दप्तर आणि ग्रंथ : खरेशास्त्री यांच्या ‘ऐतिहासिक लेखसंग्रहा’विषयी

परशुराम रामचंद्र ऊर्फ परशुरामभाऊ पटवर्धन १७९९ साली पट्टणकुडीच्या रणात पडले. हे गाव चिकोडी-निपाणीच्या टापूतले, म्हणजे आपल्याच बेळगाव जिल्ह्यातले. धारवाडच्या किल्ल्याला सहा महिन्यांच्या वर वेढा घालून १७९१ च्या एप्रिलात ज्यांनी तो घेतला, खर्ड्याच्या लढाईत (१७९५) मराठी फौजांचे सेनापतिपद ज्यांनी सांभाळले, त्या पुरुषाची अखेर अशी आपल्या शिवारात झाली. भाऊंविषयी आपल्याकडे जे सांगितले जाते ते बहुतेक ऐकीव असते. त्यांची खरी ओळख करून घ्यावयाची तर घराण्याच्या दप्तराकडेच वळावे लागते, आणि त्या दप्तराशी सामान्य वाचकाची गाठ पडते ती वासुदेव वामन खरे यांच्या ‘ऐतिहासिक लेखसंग्रहा’तून. या ग्रंथमालेचे गुण व मर्यादा पाहाव्यात आणि त्यानिमित्ताने घराण्याचे कागद जतन करणे म्हणजे नेमके काय करणे, याचा विचार करावा, असा आमचा हेतू आहे. जांबोटी-खानापूर भागातील कित्येक घरांच्या माळ्यांवर अजून रुमाल बांधून ठेवलेले आहेत. त्यामुळे हा प्रश्न आम्हांस केवळ पंडितांचा वाटत नाही.

पटवर्धनांच्या दप्तराचे वैशिष्ट्य त्या घराण्याच्या घडणीतच आहे. मूळपुरुष हरभट हे कोकणातील कोतवड्याचे. इचलकरंजीकर घोरपड्यांचे ते उपाध्ये. त्यांचे पुत्र पेशव्यांच्या चाकरीत शिरले आणि १७६४ साली थोरल्या माधवरावांनी गोविंद हरी, परशुराम रामचंद्र व नीळकंठ त्रिंबक यांस आठ हजार स्वारांच्या चाकरीसाठी दक्षिणेत मोठा सरंजाम लावून दिला. हैदराच्या तोंडावर राज्याची दक्षिण सीमा राखणे हे काम तेव्हापासून या घराण्याकडे आले. एक भाऊ मिरजेस, दुसरा छावणीत, तिसरा पुण्यास दरबारी, शिवाय ठिकठिकाणी कारकून आणि वकील, अशी या कुटुंबाची पांगापांग असे. पांगलेल्या कुटुंबाला पत्रे लिहिल्यावाचून गत्यंतर नसते. त्यामुळे या दप्तरात एका माणसाचे आत्मकथन सापडत नाही. एकाच प्रसंगावर चार ठिकाणांहून चार माणसांनी लिहिलेले कागद सापडतात आणि ते एकमेकांना दुरुस्त करीत जातात.

हे दप्तर हाती घेणारे खरेशास्त्री १८५८ साली गुहागरास जन्मले. मिरजेच्या शाळेत ते संस्कृत शिकवीत. नाटककार आणि कवी म्हणूनही त्यांचे नाव होते. नाना फडणविसांचे चरित्र लिहिल्यानंतर मूळ कागदांवाचून इतिहास पांगळा आहे, ही जाणीव त्यांच्या सगळ्या उद्योगाच्या मुळाशी दिसते. १८९७ पासून त्यांनी ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ काढावयास आरंभ केला आणि १९२४ साली मृत्यू येईपर्यंत त्याचे बारा भाग प्रसिद्ध केले. पुढील काम त्यांच्या चिरंजीवांनी चालविले. या तारखांना महत्त्व आहे. राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनां’चा पहिला खंड १८९८ चा, भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० चे, गो. स. सरदेसाई यांनी संपादिलेले पेशवे दप्तराचे पंचेचाळीस निवडक भाग तर १९३० नंतरचे. म्हणजे संस्था, सरकारी अनुदान किंवा विद्यापीठ यांपैकी कशाचाही आधार नसताना, एका संस्थानी गावातील शाळामास्तराने हे काम अंगावर घेतले होते. त्यांच्या कामाचे मूल्यमापन करताना ही गोष्ट नजरेआड करणे अन्यायाचे होईल.

संपादक म्हणून खरेशास्त्र्यांची पद्धत राजवाड्यांहून वेगळी आहे. राजवाडे पत्रे छापतात आणि प्रस्तावनेत स्वतःचा सिद्धांत मांडतात. तो सिद्धांत अनेकदा पत्रांहून मोठा होऊन बसतो. खरेशास्त्री पत्रे कालक्रमाने लावतात आणि मध्ये मध्ये स्वतःच्या निवेदनाचे दुवे घालून प्रसंगाची साखळी वाचकाच्या हाती देतात. नाटककाराचे कसब येथे कामी आले आहे. १७७७ च्या सावशीच्या लढाईत कोन्हेरराव पडले, पांडुरंगराव हैदराच्या कैदेत गेले व तेथेच वारले, हा प्रसंग कोणत्याही इतिहासग्रंथात दोन ओळींत उरकतो. लेखसंग्रह वाचणाऱ्यास मात्र ती दोन ओळींची वार्ता राहत नाही. पराभवाच्या आधीची माणसे त्याने पत्रांतून पाहिलेली असतात, त्यांची हस्तलिखित लकब आणि त्यांच्या काळज्या त्याच्या परिचयाच्या झालेल्या असतात. त्यामुळे एक मोठे घर कसे हादरले हे त्याला उमगते.

या पत्रांचे दुसरे मोल म्हणजे परकीय साक्षीशी ती पडताळता येतात. धारवाडच्या वेढ्यात कॅप्टन लिटल यांची इंग्रजी पलटण भाऊंच्या मदतीस होती. तिच्यातील एडवर्ड मूर या तरुण अधिकाऱ्याने १७९४ साली लंडनमध्ये त्या मोहिमेचा वृत्तान्त छापला. मराठ्यांचे गोलंदाज तोफ भरून ठेवतात, मग बसून गप्पा मारतात, तंबाखू ओढतात आणि बऱ्याच वेळाने ती डागतात, असे त्याने काहीशा थट्टेने लिहून ठेवले आहे. मूरचे डोळे चांगले होते. परंतु तोफेच्या मोर्च्यावरून जे दिसते तेवढेच त्याला दिसले. फौजेचा पगार कोठून भागवावा, दारूगोळा किती उरला, सावकाराने पुढची रक्कम दिली की हात आखडला, पुण्याहून काय उत्तर आले, हे छावणीच्या पत्रव्यवहारावाचून कळणार नाही. मूर आणि दप्तर शेजारी ठेवून वाचले म्हणजे वेढा का लांबला याची कारणे वाचकाला स्वतः तोलता येतात. इतिहासवाचनातील हा आनंद मराठी वाचकाला प्रथम मिळवून दिला तो खरेशास्त्र्यांसारख्यांनी.

एवढे ऋण मान्य करूनच मर्यादांकडे वळले पाहिजे. लेखसंग्रह हा ग्रंथ आहे आणि ग्रंथ म्हटला की निवड आली. हजारो कागदांतून संपादकाने राजकारण व लढाया यांना उपयोगी पडतील ते कागद उचलले. त्या पिढीची इतिहासाची कल्पनाच तशी होती. परंतु सरदाराच्या घरच्या दप्तरात राजकारणी पत्रे हा एक भाग असतो. त्याच्या भोवती रोजकीर्दी, गल्ल्याचे हिशेब, पागेच्या याद्या, देणेदारांची खाती, लग्नामुंजीच्या खर्चाचे खर्डे, देवस्थानांची नेमणूक, वैद्याला दिलेली बिदागी असा मोठा पसारा असतो. शंभर वर्षांपूर्वी तो कोणास महत्त्वाचा वाटला नाही. आज धान्याचे भाव, स्वारांची जातवार भरती, स्त्रियांच्या हातातील खर्च, बाजारपेठांचे चढउतार हे सारे त्याच कागदांतून शोधावे लागते. आपल्या वाडवडिलांची नावे सापडण्याचा संभवही अशाच कागदांत अधिक. घाटमाथ्यावर येऊन राहिलेला एखादा जोशी, कुळकर्णी किंवा शिलेदार राजकारणी पत्रात क्वचितच येतो. बैलांच्या यादीत किंवा पगाराच्या खर्ड्यात तो येतो. ‘छापले आहे, म्हणजे जपले आहे’ ही समजूत म्हणूनच धोक्याची. छापले ते ग्रंथात राहिले. उरलेल्याचे रक्षण ग्रंथाने होत नाही, उलट ‘आता मूळ कागदांचे काय काम’ असे म्हणावयास निमित्त मात्र मिळते.

दुसरी मर्यादा लिपीची आहे. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळला जात नाही, शब्द सुटे लिहिले जात नाहीत, विरामचिन्हे नसतात. मोडीचे बाळबोध करणे म्हणजे नुसते अक्षरांतर नव्हे. वाक्य कोठे संपले, नाव कोणते आणि क्रियापद कोणते, हे संपादक ठरवितो आणि तो अर्थ छापील पानावर कायम होतो. खरेशास्त्र्यांची मोडी पक्की होती, भाषेचे कान तीक्ष्ण होते. तरीही चांगल्यात चांगले वाचन हे अखेर एक वाचनच असते. ते पुन्हा तपासावयाचे झाले तर मूळ कागद हाती असावा लागतो.

तिसरी गोष्ट आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते आणि तिची चर्चा आपल्याकडे सर्वांत कमी होते. ती म्हणजे दप्तरातील कागदांची मूळ मांडणी. अठराव्या शतकातील पत्रांवर पुष्कळदा तिथी असते किंवा ‘छ’ या खुणेपुढे मुसलमानी महिन्याचा चंद्र असतो, साल नसते. लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला साल ठाऊकच होते. पत्र पोहोचल्यावर कारकून पाठीवर पैवस्तीची तारीख टाकी आणि त्या त्या सालच्या पुडक्यात ते बांधून ठेवी. म्हणजे कागदाचे साल कागदावर नसले तरी शेजारच्या कागदांवरून निघते. पाठवणीची आणि पैवस्तीची तारीख मिळून जासूद किती दिवसांत पोहोचला, वाट खुली होती की शत्रूने अडविली होती, हेही कळते. आता एखाद्या हौशी माणसाने रुमाल सोडला, ‘महत्त्वाची’ पत्रे बाजूला काढली, शिक्कामोर्तबाची सनद चौकटीत घालून भिंतीवर टांगली आणि उरलेले पुन्हा कसेबसे गुंडाळले, तर कागद सगळे शाबूत राहूनही त्यांचे साल गेलेले असते. वाळवी कागद खाते. असा माणूस कागदामधील संबंध खातो. खरेशास्त्र्यांना घरोघरची पुडकी बऱ्याच अंशी जुन्या बांधणीत पाहावयास मिळाली, म्हणून त्यांना कालक्रम लावता आला. त्यांच्या कालनिर्णयाचा पडताळा घेऊ इच्छिणाऱ्या आजच्या अभ्यासकाला ती बांधणी तशीच हवी.

कुटुंबाचे दप्तर अभ्यासकांना खुले करण्यास घराणी कचरतात, त्याची कारणेही उघड बोलली पाहिजेत. पहिले कारण जुने आहे. १८४३ पासून इंग्रज सरकारने आपल्या दक्षिण मराठा मुलखात इनामांची चौकशी सुरू केली आणि १८५२ च्या कायद्याने तिला इनाम कमिशनचे रूप आले. सनद दाखवा, नाहीतर इनाम सोडा, असा तो व्यवहार होता. कागद सरकारात गेला की परत येत नाही आणि कागद नसला की जमीन जाते, हा धडा घरोघर गिरविला गेला. रुमाल माळ्यावर चढले ते तेव्हापासून. ही भीती वेडगळ नव्हती. पण तिचे कारण कधीच संपले. इनामे गेली, वतने गेली, कुळकायदा आला. आता त्या सनदेने कोणाची जमीन जात नाही आणि कोणाला मिळतही नाही.

दुसरे कारण अधिक नाजूक आहे. दप्तर उघडले तर घराण्याला कमीपणा आणणारे काही निघेल, ही शंका मनात असते. ती रास्तही आहे. परशुरामभाऊंच्या १७९१ च्या मोहिमेत मराठी फौजेबरोबरच्या स्वारांनी व पेंढाऱ्यांनी शृंगेरीचा मठ लुटला. त्या वेळचे टिपूचे कन्नड पत्र व्यवहार शृंगेरी मठाने आपल्या संग्रही जपले होते आणि १९१६ साली म्हैसूरच्या पुराणवस्तू खात्याचे प्रमुख आर. नरसिंहाचार यांनी ते उजेडात आणले. मठाने ते जपले नसते तर हा प्रसंग पटवर्धनांच्या बाजूनेच सांगितला गेला असता किंवा सांगितलाच गेला नसता. पट्टणकुडीच्या रणात भाऊंचा अंत नेमका कसा झाला, हेही पटवर्धनांच्या बाजूने आणि कोल्हापूरच्या बाजूने एकसारखे सांगितले जात नाही. अशा ठिकाणी एकट्या घराण्याच्या दप्तरावर निकाल देता येत नाही. समोरच्याचे दप्तरही उघडे असावे लागते. खरेशास्त्र्यांना पटवर्धनांविषयी आपुलकी होती आणि ती त्यांच्या निवेदनात जाणवते. पण त्यांनी पत्रे छापली, म्हणून त्या आपुलकीच्या पलीकडे जाऊन निर्णय करण्याचे साधनही त्यांनीच आपल्या हाती दिले. ज्या घराण्याने आपले कागद उघडे केले त्याची शोभा त्यातील दोषांनी कमी होत नाही, असे आमचे मत आहे.

कागद ठेवावेत कोठे, हा प्रश्न सीमाभागात सहज भावनेचा होतो. भाऊंच्याच वंशाचे पाहा. त्यांच्या एका मुलाची गादी जमखंडीस, दुसऱ्याची तासगावास. तासगावचे संस्थान १८४८ साली खालसा झाले, जमखंडी १९४८ साली विलीन झाली आणि १९५६ च्या पुनर्रचनेत म्हैसूर राज्यात गेली. एका बापाच्या दोन गाद्या आज दोन राज्यांत आहेत. अशा घराण्याचा इतिहास लिहिणाऱ्याला पुणे, कोल्हापूर, धारवाड, बेंगळूर अशा सगळ्या वाटा तुडवाव्या लागतात. मराठी कागद महाराष्ट्रातच जावेत, असे म्हणणाऱ्यांची भावना आम्ही जाणतो. परंतु टिपूची कन्नड पत्रे आणि भाऊंची मोडी पत्रे एकाच मोहिमेची आहेत. अभ्यासकाला दोन्ही लागतात. चोर्ला घाट उतरले की गोवा. तेथील पुराभिलेखागाराची परंपरा १५९५ पासूनची आहे. पोर्तुगीज राजवटीच्या त्या कागदांतून पांडुरंग पिसुर्लेकरांनी मराठ्यांच्या इतिहासाची किती साधने बाहेर काढली, हे इतिहासाच्या वाचकांस ठाऊक आहे. परक्या सत्तेचे दप्तर मराठ्यांच्या कामी आले, कारण ते मोडले नाही, विखुरले नाही आणि वाचावयास मिळाले.

म्हणून गावाच्या नावापेक्षा तीन अटींना आम्ही अधिक महत्त्व देऊ. दप्तर मोडू न देता अखंड ठेवले जावे. त्याची यादी करून तिची एक प्रत घराण्यास मिळावी. आणि योग्य नियमांखाली ते कोणाही अभ्यासकास पाहता यावे. या अटी लेखी मान्य करणारी संस्था पुण्याची असो, कोल्हापूरची असो वा धारवाडची, ती आम्हांस चालेल. चौथी एक गोष्ट अनुभवाने शिकविली आहे : एकाच ठिकाणी सर्व काही ठेवू नये. ५ जानेवारी २००४ रोजी पुण्याच्या भांडारकर संस्थेवर हल्ला झाला तेव्हा पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या संग्रहाची काही तासांत नासधूस झाली. २००५ आणि २०१९ च्या महापुरांत कृष्णेचे पाणी सांगलीच्या वस्तीत शिरले. मूळ कागद एका जागी आणि त्यांच्या छायाप्रती दुसऱ्या दोन जागी, ही आता चैन राहिलेली नाही. मात्र छायाप्रत घेतली म्हणून मूळ कागद रद्दीत घालणे, ही खरेशास्त्र्यांच्या ग्रंथाबाबत झालेल्या गैरसमजुतीचीच नवी आवृत्ती होईल.

आपल्या घाटमाथ्याची अडचण वेगळी आहे. जांबोटी-कणकुंबीचा पाऊस किती असतो हे येथील वाचकांस सांगावयास नको. जुनी देशी शाई काजळी व डिंकाची. ती शतकानुशतके फिकी पडत नाही, परंतु पाण्याने फुटते. जुना हातकागद बळकट. पण ओलीने त्यावर बुरशी धरते आणि खळीच्या लोभाने कसर लागते. पत्र्याच्या बंद पेटीत भर पावसात ठेवलेला रुमाल बाहेरून कोरडा दिसतो आणि आत घामेजतो. त्याहून मोठे नुकसान हौसेच्या दुरुस्तीने होते. फाटलेल्या घडीवर चिकटपट्टी लावणे, सनद प्लॅस्टिकमध्ये उष्णतेने बंद करणे, हे दोन्ही प्रकार कागदाला मारक आहेत. चिकटपट्टीचा डिंक पिवळा पडून अक्षरात उतरतो आणि प्लॅस्टिक पुन्हा निघत नाही. घडी फाटली असेल तर ती तशीच राहू द्यावी. स्वच्छ, धुतलेल्या सुती कापडाचा नवा रुमाल, भिंतीपासून दूर हवेशीर फळी आणि उन्हाळ्यात सावलीत एकदा वारा देणे, एवढे घरी करता येते. बाकीचे काम जाणत्यांचे आहे.

सगळ्याच्या आधी करावयाचे काम मात्र याहून सोपे आहे आणि त्याला पैसाही लागत नाही. रुमाल सोडण्यापूर्वी त्याची बाहेरून जशी बांधणी आहे तशी नोंद करावी : रुमाल किती, प्रत्येकावर काही शेरा आहे काय, कोणत्या फळीवर कोणाच्या शेजारी होता, घरात तो कोणाकडून आला. आत किती पुडकी आहेत ते मोजावे, पण त्यांचा क्रम बदलू नये. मोडी वाचता न येणाऱ्यासही हे जमते. ही एक-दोन पानांची यादी पुढे येणाऱ्या अभ्यासकाला एखाद्या सुंदर सनदेपेक्षा अधिक उपयोगाची ठरते.

खरेशास्त्र्यांचे भाग आजही मोठ्या ग्रंथालयांतून वाचावयास मिळतात आणि ते वाचावेतच. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातील कर्नाटकाचा मराठी इतिहास त्यांच्यावाचून लिहिता येत नाही. पण ते वाचताना एक गोष्ट ध्यानात असावी. मिरजेच्या त्या शिक्षकापुढे पुडकी होती, म्हणून त्याला ग्रंथ करता आला. पुढच्या पिढीच्या एखाद्या शिक्षकाला खानापूर तालुक्याचा ग्रंथ करावासा वाटला तर त्याच्यापुढे पुडकी असतील की नाही, हे आपल्या माळ्यांवर ठरणार आहे. यंदाचा पावसाळा लागण्यापूर्वी ज्यांच्याकडे रुमाल असतील त्यांनी वरीलप्रमाणे यादी करून तिची एक प्रत मंडळाकडे द्यावी. कागद मागण्याचा आमचा विचार नाही. ते कोठे आहेत एवढे आधी आपणांसच कळले पाहिजे.